वीस ग्रॅम

दिवसभर मी कॉड मासा तोलतो.
पेटी उचलली की आकडा दिसायच्या आधीच
हाताला कळतं बर्फ किती, मासा किती.
अकरा वर्षांत एकदाच चुकलो, दीड किलोने,
मुकादम अजून त्याची आठवण करून देतो.

चौथ्या दिवशी दवाखान्याच्या काट्यावर
माझी मुलगी ठेवली:
दोन हजार सातशे ऐंशी.
जन्मली तेव्हा तीन हजार एकशे वीस होती.
मधले तीनशे चाळीस गेले कुठे,
मी काट्याखाली वाकून पाहिलं.
नर्स तुर्बयोर्ग हसली नाही.
"सगळे बाप तिथे बघतात," एवढंच म्हणाली.

हॅमरफेस्टमधून नोव्हेंबरात सूर्य जातो
तो जानेवारी उतरणीला लागल्यावर येतो.
आमची तर मुल्टे बेरीच्या मुरंब्यासारखी पिवळी,
डोळ्यांतलं पांढरंसुद्धा.
डॉक्टर म्हणाले, हिला उजेड हवा.
ऑशिल्डने आणि मी खिडकीकडे पाहिलं.
दुपारचा एक वाजला होता,
धक्क्यावरचे दिवे लागलेलेच होते.

मग त्यांनी उजेड आणला, निळा, तारेतून आलेला,
आणि डोळ्यांवर पट्टी बांधून तिला त्याखाली निजवलं.
दोन दिवस आख्ख्या गावात
ती एकटीच उन्हात होती.

घरी आणली.
तोंडात घ्यायची, दोनदा ओढायची, झोपायची.
तळपायाला गुदगुल्या, कपाळावर ओला रुमाल.
एक डोळा उघडून ती आमची कीव करायची.
जिभेखाली पातळ पडदा होता, दोऱ्याएवढा.
तो कापला तेव्हा कात्रीचा आवाजही झाला नाही,
माझ्या गुडघ्यांतलं बळ मात्र गेलं.

रात्री तीनला पंप सुरू व्हायचा,
घुर्र फुस्, घुर्र फुस्,
थंडीत चालू न होणाऱ्या बोटीसारखा.
चिरलेल्या स्तनांतून पाऊण तासात अठरा मिली.
ते मी पिचकारीत भरायचो,
करंगळी तिच्या टाळूला लावून
थेंबाथेंबाने सोडायचो.
कितीही धुतली तरी करंगळीला माशाचा वास.
तिला चालायचा.

एकदा बाटली कलंडली.
ऑशिल्ड रडली नाही.
टेबलावरचं दूध बोटाने
कडेपर्यंत ओढत नेलं तिने,
जणू खाली कुणी ओंजळ धरून उभं होतं.
मी म्हणालो, "पावडरचा डबा आहे ना."
तेवढं एक वाक्य
परत घेता आलं असतं तर.

तिच्या आईचा फोन आला सोर्वेरहून:
आमच्या वेळी पोरं आपोआप प्यायची.
ऑशिल्डने फोन पालथा ठेवला.
पालथ्या फोनमधून आवाज येतच राहिला,
मायेचा, आणि सहन न होणारा.

डबा शेवटी तिनेच उघडला.
रात्री, दिवा न लावता.
चमचा डब्याच्या काठावर घासून सपाट केल्याचा आवाज
मी तीनदा ऐकला
आणि झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो,
तिला त्या वेळी कुणी पाहायला नको होतं.

गुरुवारी पहिल्यांदा आकडा वर गेला. वीस ग्रॅम.
आमच्या कारखान्यात वीस ग्रॅम म्हणजे
हातमोज्यातून गळलेलं पाणी.
मी म्हटलं, पुन्हा तोला.
तेवढ्यात पोरीने काट्यावरच मुतून घेतलं.
पुसून पुन्हा ठेवली: पंधरा.
"मी वीसच लिहिते," तुर्बयोर्ग म्हणाली,
आणि हसली, त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

सूर्य आला त्या दिवशी
शाळेची पोरं बँड वाजवत टेकडीवर गेली,
गावाने गोड बन खाल्ले.
आम्ही तिघं झोपलो होतो,
सलग तीन तास, तोंड उघडी टाकून.
उठलो तर ऊन येऊन गेलेलं,
दाराच्या कडीला कुणीतरी दोन बन लटकवलेले,
थंडीने दगड झालेले.
ऑशिल्डने पाजता पाजताच एक फोडला.
पोरीच्या कानात चुरा पडला.

मी तो बोटाने काढला
आणि खाल्ला.